पाठ असतं, पण पेपरात उतरत नाही

नाशिकच्या गंगापूर रोडवरून एक आई दहावीतल्या मुलीला घेऊन आली. "नववीत स्कोअरिंग म्हणून फ्रेंच घेतलं. क्लास लावूनही 40 पैकी 21. मॅडम, घरात कुणालाच फ्रेंच येत नाही. संस्कृत घेऊ द्यायचं का आता?"

तिचे विषय नववीतच नोंदवलेले होते, त्यामुळे दहावीच्या ऑक्टोबरात तो प्रश्न उरला नव्हता. आधी उत्तरपत्रिका पाहिली. गेलेल्या 19 गुणांपैकी 8 पासे काँपोझेत म्हणजे भूतकाळात, 5 आर्टिकलमध्ये, 3 अक्षरांवरच्या अ‍ॅक्सेंटमध्ये आणि 3 वेळ न पुरल्याने. क्रियापदांचे तक्ते तर मुलीने घडाघडा म्हणून दाखवले. पाठांतर कमी नव्हतं.

'मी गेले'चं तिने 'जे आले' केलं होतं. हवं होतं 'ज स्वी आले'. (फ्रेंचमधलं 'आले' म्हणजे 'गेले', हा मराठी मुलांना एक जास्तीचा चकवा.) मुलगी मनात इंग्रजी वाक्य जुळवत होती. तिथे गेले काय नि खाल्लं काय, सगळीकडे 'हॅव'च, म्हणून फ्रेंचमध्येही सगळीकडे 'आव्वार' (म्हणजे 'हॅव'; 'जे'मध्ये त्याचंच रूप आहे). मग तिला मराठीवरून जायला सांगितलं: वाक्य तृतीय पुरुषात आणायचं आणि साधं क्रियापद वापरायचं. 'तिने पोळी खाल्ली' यात 'ने' आला, म्हणजे आव्वार. 'ती गेली' यात 'ने' नाही, म्हणजे 'एत्र'ची ('असणे'; 'स्वी' हे त्याचंच रूप) यादी आठवायची: जाणे, येणे, पोहोचणे, निघणे, चढणे, उतरणे, पडणे, थांबून राहणे, जन्मणे, मरणे वगैरे. यादीत नसेल तर आव्वारच. 'ती हसली', 'ती झोपली' याला एत्र लागत नाही. 'तिने पेटी खाली उतरवली' म्हटलं की 'उतरणे' यादीत असूनही आव्वार येतं, आणि तेही या कसोटीत बसतं. कसोटी फसते ती मुख्यतः 'प्रवेश केला'सारख्या जोडक्रियापदांत आणि 'स' (म्हणजे 'स्वतःला') लागणाऱ्या क्रियापदांत. 'स'ची नेहमी एत्रचीच. तेवढी वेगळी लक्षात ठेवावीत.

एत्र आलं की 'गेला-गेली'सारखा शेवट बदलायचा: स्त्रीलिंगी कर्त्याला 'ई' (e) हे एक अक्षर जास्त. उच्चारात ते बहुतेकदा ऐकू येत नाही, म्हणून तोंडी पाठांतर इथे कुचकामी. लिहूनच काढावं लागतं.

आर्टिकलच्या चुकांचं मूळ शब्दांच्या वहीत सापडलं. शाळेला तिने 'लेकोल' लिहून ठेवलं होतं. स्वरापुढे 'ल' आणि 'ला' दोन्हींचा 'ल्' होतो, लिंग कळतच नाही. नाम 'अँ' किंवा 'यून' लावून लिहावं: 'यून एकोल'. मराठीचा अंदाज इथे चालत नाही. आपला चंद्र तो, त्यांचा चंद्र ती. शिवाय नकारात 'द्यू पँ'चं (थोडा पाव) 'पा द पँ' होतं, मात्र एत्र हेच मुख्य क्रियापद असलेल्या वाक्यात 'द्यू' तसाच राहतो. तिचे दोन गुण नेमके तिथेच गेले होते.

आईला काम दिलं ते फ्रेंच न येणाऱ्याला जमेल असं. रोज 12 कार्डं, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला आर्टिकलसकट फ्रेंच. आईने मराठी वाचायचं, मुलीने लिहायचं, आईने अक्षरन् अक्षर, वरच्या रेघांसकट, ताडून पाहायचं. चुकलेलं कार्ड दुसऱ्या दिवशी परत, बरोबर आलेलं चौथ्या दिवशी. 'मला भूक लागली', 'मी पंधरा वर्षांची आहे' अशी आव्वार घेणारी वाक्यंही त्याच गठ्ठ्यात घातली.

"एवढं तर मी कुकर लावून करीन," आई म्हणाली. पुढच्या चाचणीची उत्तरपत्रिका मात्र परत घेऊन यायला सांगितलं आहे.