वाचक विचारतात: समुद्रात राष्ट्रीय उद्यान आलं, तर आमच्या रापणीचं काय?

सागरी राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य, राखीव क्षेत्र हे शब्द किनाऱ्यावर आळीपाळीने वापरले जातात आणि सगळ्यांचा अर्थ एकच समजला जातो. कायद्यात मात्र तसं नाही. रापण, म्हणजे होडीतून टाकून किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, वापरणाऱ्या आणि इतरही मच्छीमारांच्या दृष्टीने सगळा फरक तिथेच आहे, म्हणून या अंकात याच विषयावरचे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, तरी मासेमारी चालूच आहे. मग राष्ट्रीय उद्यान झालं म्हणून वेगळं काय होणार?
*– एक रापणकार, मालवण तालुका*

बरंच वेगळं होईल. मालवणचं अभयारण्य २९.१२ चौरस किलोमीटरचं आहे. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या भोवतीचं ३.१८ चौरस किलोमीटर हे गाभा क्षेत्र, बाकीचं भोवतालचं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे अभयारण्यात एखादा हक्क मान्य झाला, तर मुख्य वन्यजीव रक्षकांशी सल्लामसलत करून तो पुढे चालू ठेवण्याची मुभा जिल्हाधिकाऱ्यांना आहे. ही मुभा कलम २४ च्या पोटकलम (२) खंड (क) मध्ये आहे. राष्ट्रीय उद्यानाचं कलम ३५ पाहा. तिथे कलम १९ ते २६-अ लागू केली आहेत, फक्त हा एक खंड नावानिशी वगळला आहे. शिवाय त्या क्षेत्रातल्या जमिनीवरचे सगळे हक्क सरकारकडे आल्याशिवाय उद्यानाची अंतिम अधिसूचना निघत नाही. त्यामुळे ‘उद्यान होऊ दे, तुमचा हक्क तसाच ठेवू’ असं कोणी तोंडी सांगितलं, तर ते ठेवणार कोणत्या कलमाखाली, हे त्याच बैठकीत विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.

‘चालूच आहे’ या शब्दांवरही विसंबू नका. अभयारण्यातसुद्धा कलम २९ प्रमाणे वन्यजीव काढून नेण्याला परवानगी लागते. आज कोणी अडवत नाही याचा अर्थ हक्क मिळाला असा होत नाही. हक्क कागदावर नसेल, तर उद्या अधिकारी बदलला की नियमही बदलला असं वाटेल, पण नियम आधीपासून तोच असेल.

हरकतीसाठी दोन महिने मिळतात असं ऐकलं. ते कधीपासून मोजायचे?
*– मच्छीमार सहकारी संस्थेचे एक संचालक, देवगड*

इथेच सर्वात मोठी चूक होते, म्हणून थोडं सविस्तर.

कलम २१ प्रमाणे जिल्हाधिकारी स्थानिक भाषेत जाहीरनामा काढतात आणि त्या तारखेपासून दोन महिन्यांत दावा करायचा असतो. पण ही पद्धत ‘जमिनी’साठी आहे. कायद्याच्या व्याख्येत जमिनीत खाड्या, नद्या, पाणथळ जागा आणि खडकही येतात. म्हणजे खाडीतला पाग (हाताने फेकायचं जाळं), किनाऱ्यावर रापण ओढायची जागा, कालवं काढायचं खडप (खडकाळ जागा) यांचा दावा या मार्गाने करता येतो.

उघड्या समुद्राचं तसं नाही. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचा, म्हणजे साधारण २२ किलोमीटरचा पट्टा ही प्रादेशिक जलधी. अभयारण्य करण्याचा इरादा जाहीर करण्याच्या कलम १८ मधून ती वगळलेली आहे. ती कलम २६-अ खाली थेट अधिसूचित होऊ शकते. तिथे दोन महिन्यांची खिडकी नाही. तिथे तीन अटी आहेत: केंद्र सरकारची आधी संमती, हद्द ठरवताना मुख्य नौदल जलसर्वेक्षकांशी सल्लामसलत, आणि ‘स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायविषयक हितसंबंधांच्या रक्षणासाठी पुरेशी उपाययोजना’ केल्यानंतरच हद्द. राष्ट्रीय उद्यानात जलधी घ्यायची असेल, तर तिथेही हेच कलम लागतं.

ही तिसरी अट मच्छीमारांच्या हातातलं खरं हत्यार आहे आणि ती हद्द ठरण्याच्या आधीची आहे. जाहीरनाम्याची वाट पाहत बसलात, तर पाण्याच्या भागासाठी तो कदाचित येणारच नाही. प्रस्तावाची कुणकुण लागताच संस्थेने जिल्हाधिकारी, प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) आणि मत्स्यव्यवसाय विभागाचे सहायक आयुक्त यांना एकाच मजकुराचं पत्र द्यावं: आमची मासेमारीची क्षेत्रं ही, नकाशा सोबत, २६-अ खाली कोणती उपाययोजना ठरली ते कळवा. प्रत्येक प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्या. उत्तर आलं नाही, तर हद्दीचे अक्षांश-रेखांश आणि जलसर्वेक्षकांशी झालेला पत्रव्यवहार माहिती अधिकारात मागा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून दोन अर्ज करा. एकाच अर्जात सगळं कोंबलं की तेवढ्याच कारणावरून तो परत येतो.

जमिनीच्या भागासाठी दावा करताना ‘आमचा प्रकल्पाला विरोध आहे’ एवढंच लिहू नका. तो दावा ठरत नाही. हक्काचं स्वरूप, त्याची व्याप्ती आणि भरपाईचा तपशील या गोष्टी कायद्याने मागितल्या आहेत. विरोधाचं निवेदन वेगळ्या कागदावर द्या.

आणखी एक. चौकशी दोन वर्षांत शक्यतो पूर्ण करावी असं कलम २५-अ सांगतं, पण ती झाली नाही म्हणून अधिसूचना रद्द होत नाही, हेही त्यातच लिहिलं आहे. एकदा ठरलेली हद्द पुढे राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या शिफारशीशिवाय बदलता येत नाही.

समुद्राला सातबारा नसतो. जागा आमची हे सिद्ध कसं करायचं?
*– एक तांडेल, वेंगुर्ला*

मालकी सिद्ध करायची नाही, वहिवाट दाखवायची आहे. त्यासाठी नकाशा आणि कागद दोन्ही लागतात.

रापणीसाठी किनाऱ्यावरच्या ओढणीच्या पट्ट्याची दोन्ही टोकं आणि होडी जाळं घेऊन जिथून वळते तो सर्वात बाहेरचा बिंदू, असे तीन बिंदू घ्या. वाहत्या जाळ्यासाठी एक बिंदू पुरत नाही. जाळं सोडलं तिथून उचललं तिथपर्यंतची रेघ नोंदवा आणि ती भरतीत, ओहोटीत कशी सरकते तेही लिहा. गरीच्या खडपांना तुमच्याकडे जी नावं आहेत तीच द्या, सोबत खोली वावांत आणि मीटरमध्ये. प्रत्येक जागेपुढे महिने, मासळी, जाळ्याचा आस (भोकाचं माप), होड्या आणि माणसं किती हे लिहा. यांत्रिक होड्यांच्या जागांपुढे जून-जुलैच्या बंदीचे ६१ दिवस रिकामे सोडा. बारा महिने मासेमारी दाखवली की सगळ्या तक्त्यावरचा विश्वास उडतो.

जीपीएसचे आकडे उतरवताना हमखास एक घोटाळा होतो. होडीवरचं यंत्र बहुधा अंश आणि दशांश मिनिटं दाखवतं, उदाहरणार्थ १६° ०२.५००′. ते कागदावर १६ अंश ०२ मिनिटं ५० सेकंद असं उतरवलं जातं. प्रत्यक्षात .५०० मिनिट म्हणजे ३० सेकंद. अक्षांशाचा एक सेकंद सुमारे ३१ मीटरचा, म्हणजे २० सेकंदांच्या चुकीने जागा जवळजवळ ६२० मीटर उत्तरेला गेली. तेवढ्यात रापणीचा पट्टा शेजारच्या वाडीच्या पुढ्यात जातो आणि दावा खोटा ठरतो. म्हणून यंत्राच्या पडद्याचा फोटो काढून ठेवा आणि सगळे आकडे एकाच पद्धतीत लिहा.

कागदांत नौकेची नोंदणी, मासेमारी परवाना, संस्थेचं सभासदत्व, डिझेल परताव्याच्या नोंदी, लिलावाच्या आणि बर्फाच्या पावत्या जोडा. जुन्या पावत्या पिवळ्या पडून शाई उडते, त्या आताच स्कॅन करा.

आम्ही बायका खडपावर कालवं आणि मुळे (शिंपल्या) काढतो. होडी नाही, परवाना नाही. आमचं नाव कुठे लागणार?
*– एक वाचक, रत्नागिरी जिल्हा*

आपोआप कुठेच लागणार नाही, म्हणून ही नोंद सर्वांत आधी करा. मन्नारच्या आखातात १९८६ साली २१ बेटांभोवती राष्ट्रीय उद्यान झालं. तिथे समुद्रशेवाळ गोळा करणाऱ्या बायकांचा आणि वनखात्याचा तंटा वर्षानुवर्षं चालू राहिला, कारण त्यांचं सगळं काम बेटांच्या उथळ पाण्यात होतं आणि नेमकं तेच पाणी उद्यानात गेलं.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला सुकती (ओहोटी) सर्वात खाली जाते, खडप उघडं पडतं, तेव्हा प्रत्यक्ष खडपावर उभं राहून बिंदू घ्या. किती जणी, महिन्यातून किती दिवस, कोयतीने की हाताने, सोललेली कालवं कुठल्या बाजारात जातात, हे सगळं लिहा. ग्रामसभेत ठराव करून यादी त्याला जोडा. ठरावात ‘मच्छीमार बांधव’ एवढंच असेल, तर दुरुस्ती मागा: ‘किनाऱ्यावर कालवं, मुळे गोळा करणाऱ्या महिला’ हे शब्द हवेतच. हा ठराव आणि कलम २१ खालचा दावा दोन्ही द्या. खडक जमिनीच्या व्याख्येत येतो, त्यामुळे तुमचा दावा होडीवाल्यांच्या दाव्यापेक्षा कायद्यात जास्त सरळ बसतो. हे फारच थोड्या जणींपर्यंत पोहोचलं आहे.

आम्हाला मनाई आणि स्कूबावाल्यांना परवानगी, हे कसं?
*– एक वाचक, तारकर्ली*

कलम २८ मध्ये प्रवेशाच्या परवान्याची कारणं दिली आहेत: अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन. मासेमारी त्या यादीत नाही. तुमचा राग रास्त आहे, पण तो पर्यटन व्यावसायिकांवर काढून उपयोग नाही. कित्येक ठिकाणी ती माणसं तुमच्याच वाडीतली असतात. व्यवस्थापन आराखड्यावर चर्चा होते तेव्हा नांगर टाकायच्या जागा, बोटींची संख्या आणि रापणीच्या वेळा यांची सांगड मागा. ‘होडी जायला बंदी नाही’ या आश्वासनाचा अर्थही नीट समजून घ्या. कायद्याने निरुपद्रवी जलमार्गणाचा हक्क राखला आहे, म्हणजे पाण्यातून जाता येईल. त्याच पाण्यात जाळं टाकता येईल असं त्यात नाही.

मासा वाचला पाहिजे हे आम्हालाही पटतं. उद्यानाशिवाय दुसरा मार्ग आहे का?
*– एक वाचक, श्रीवर्धन*

आहे. कलम ३६-अ खाली संवर्धन राखीव क्षेत्र करता येतं. त्यासाठी स्थानिक लोकांशी सल्लामसलत करावी लागते, सल्लागार समितीत ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी असतात आणि कलम २९ ची सरसकट मनाई तिथे लागू नाही. तमिळनाडूने २०२२ साली पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचं डुगाँग (समुद्री गाय) संवर्धन क्षेत्र याच मार्गाने केलं. आमच्या मते कोकणात चर्चा इथून सुरू व्हावी.

पण हद्द आखून बाहेर मासा खेचणारे एलईडी दिवे आणि पर्ससीन (थवा वेढून पकडणारी मोठी जाळी) तसेच राहिले, तर आतला मासा बाहेर येताच उचलला जाईल. एलईडीवर केंद्राने २०१७ सालीच बंदी घातली आहे, प्रश्न गस्तीचा आहे. ट्रॉलच्या (बोटीमागे ओढायच्या जाळ्याच्या) शेवटच्या खोळ्याला ४० मिलिमीटरचा चौकोनी आस लावणं हाही सोपा उपाय आहे. नेहमीचा शंकरपाळी आस ओढ बसली की मिटतो आणि पिल्लं आत अडकतात. चौकोनी आस ओढीतही उघडा राहतो. छोट्या होडीवाल्याचं जाळं थांबवण्याआधी या दोन गोष्टी झाल्या पाहिजेत, ही मागणी निवेदनात पहिली लिहा.

कासव अडकलं आणि जाळं कापलं, तर भरपाई मिळते का?
*– एक वाचक, गुहागर*

मिळते. संरक्षित प्राणी सोडण्यासाठी जाळं कापलं, तर राज्यात जास्तीत जास्त २५,००० रुपये भरपाईची योजना आहे. कापण्याआधीचा, कापतानाचा आणि प्राणी पाण्यात जातानाचा असा फोटो-व्हिडिओ घ्या. अर्जासोबत नौकेची नोंदणी आणि परवाना जोडा. कापलेला तुकडा फेकू नका, नुकसान किती हे त्यावरून दाखवता येतं.