‘कवा चालली वं अमेरिकेला?’

पत्र

ताई, नमस्कार. मी दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात मृदाशास्त्रात पीएचडी करते. विषय आपल्याच खारपाणपट्ट्याचा, जमिनीतल्या क्षारांचा. मागच्या वैशाखात माझं लग्न झालं. मिस्टर लहानपणापासून अमेरिकेत आहेत, आता तिथले नागरिक आहेत, डॅलसला नोकरी करतात. लग्नानंतर तीन आठवडे राहिले, परत गेल्यावर लगेच माझी फाइल टाकली, दिवाळीत येऊन गेले. तेव्हापासून नुसती वाट पाहणं. ‘व्हिसा आता केव्हाही येईल’ म्हणून मी होस्टेल सोडून घरी आले. पावसाळ्यानंतरचे मातीचे नमुने घेतले नाहीत. सरांना तब्येतीचं कारण सांगितलं.

गावात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, ‘कवा चालली वं?’ एकीनं तर आईला विचारलं, ‘काहो माय, जवाई नेत नाही का?’ आईनं भजनाला जाणं सोडलं. यंदा धोंड्याचा महिना, आणि जावई जेवायला नाही म्हणून ती रडते. मी रात्री दोन-दोन वाजता उठून केस पाहते. मिस्टरांशी बोलणं म्हणजे फोटो पाठव, पावत्या पाठव. आमचं लग्न खरं आहे हे सिद्ध करताना आरोपी असल्यासारखं वाटतं. एक नातेवाईक म्हणतात, टुरिस्ट व्हिसावर जा आणि तिकडं बदलून घे. मैत्रीण म्हणते, स्टुडंट व्हिसा काढ. कधी कधी मनात येतं, मला फसवलं तर नसेल? आणि मग स्वतःचीच लाज वाटते. सरांना खरं सांगू का? सकाळी अकराला ते भेटतात, पण माझे पाय उचलत नाहीत.

उत्तर

पोरी, शेवटी लाजत लाजत जे लिहिलंस, तेच आधी घेऊ. परदेशातल्या जावयाच्या नावावर फसलेल्या मुली आपल्याकडे आहेत, त्यांची पत्रं माझ्याकडे येतात. तेव्हा शंका आली म्हणून तू वाईट बायको ठरत नाहीस. अशा वेळी मी माणसाच्या गोड बोलण्याकडे पाहत नाही, कागदाकडे पाहते. नवऱ्यानं आय-१३०, म्हणजे बायकोला बोलावून घ्यायचा अर्ज भरला की तिथलं इमिग्रेशन खातं पोच देतं, तिच्यावर तीन अक्षरं आणि दहा आकडे असा नंबर असतो. तू रात्री दोनला जी केस पाहतेस, ती या नंबरावरच ना? फसवणारा माणूस सहसा हा नंबर हातात देत नाही. पुढं फाइल नॅशनल व्हिसा सेंटरला, म्हणजे मुलाखतीआधी कागद गोळा करणाऱ्या तिथल्या कार्यालयाला गेली की मुंबईच्या केसला बीएमबीनं सुरू होणारा वेगळा नंबर मिळतो, सोबत एक इन्व्हॉइस नंबर. ते दोन्ही आले की नवऱ्याकडून मागून घे आणि त्यांच्यावरून केसच्या साइटवर स्वतः लॉगिन कर. मागताना ओशाळू नको. फाइल तुझ्याच नावाची आहे.

आता ‘केव्हाही येईल’ या दोन शब्दांबद्दल. माझ्या मते तुझं निम्मं दुखणं त्यांच्यातच आहे. आधी एक दिलासा. नोकरीवर गेलेली आपली मुलं ग्रीन कार्डाची, म्हणजे तिथं कायम राहायच्या परवान्याची, जी वर्षानुवर्षांची रांग सांगतात, ती तुझी रांग नाही. अमेरिकी नागरिकाच्या नवऱ्याला किंवा बायकोला वार्षिक संख्येची मर्यादा नसते, वेळ लागतो तो फाइल तपासायला. पण ही फाइल अचानकही निघत नाही. अर्ज मंजूर व्हायचा, मग व्हिसा सेंटरला जायचा. तिथं फी, डीएस-२६० नावाचा व्हिसाचा फॉर्म आणि नवऱ्यानं ‘हिचा खर्च मी उचलीन’ म्हणून दिलेलं उत्पन्नाचं हमीपत्र. मग तुझे दाखले. ते पसंत पडले की मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीची तारीख, त्याआधी ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडं तपासणी. आणि व्हिसा हातात पडल्यावरही निघायला साधारण सहा महिन्यांपर्यंत मुदत मिळते. एवढ्या पायऱ्यांच्या कामासाठी वर्षभर आधी होस्टेल सोडायची गरज नव्हती, बाई. तुला कुणी हा क्रम नीट सांगितलाच नाही, म्हणून रोज सकाळी ‘आज येईल’ आणि रोज रात्री ‘आजही नाही’ असं चाललं आहे.



दोन्ही आडवाटांना माझा साफ नकार आहे. टुरिस्ट व्हिसा मागताना ‘फिरून परत येईन’ म्हणायचं आणि मनात राहायचं ठरलेलं असायचं, याला तिथला कायदा खोटं सांगणं म्हणतो, आणि त्यापायी अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं. स्टुडंट व्हिसालाही शिकून परत येणार हे पटवावं लागतं. त्या फॉर्मवर सरळ प्रश्न असतो, ‘तुमच्यासाठी कुणी कायम वास्तव्याचा अर्ज केला आहे का?’ हो लिहिलंस तर व्हिसा मिळणं अवघड, नाही लिहिलंस तर ते खोटं. कायद्याची शंका असली तर नवऱ्याला तिथल्या परवानाधारक वकिलाला विचारू दे. इकडच्या एजंटाच्या हातात पैसा आणि पासपोर्ट देऊ नको.

हाताला काम हवं असेल तर ते दाखल्यांचं आहे. खेड्यातल्या जन्मदाखल्यावर कित्येकदा बाळाचं नावच नसतं. तुझा काढून बघ. लग्नाची नोंद ग्रामसेवकाकडं झाली आहे ना? शाळेच्या टीसीवर, आधारवर आणि पासपोर्टवर नाव एकसारखं आहे का? लग्नानंतर घाईघाईत एका कागदावर नवऱ्याचं नाव घातलं आणि बाकीच्यांवर वडिलांचंच राहिलं, असा घोळ आपल्याकडं घरोघरी असतो. पोलिसांचा दाखला पासपोर्ट कार्यालयातून मिळतो, पण तो फार आधी काढून ठेवू नको, जुना झाला तर पुन्हा काढावा लागेल.

आरोपी असल्यासारखं वाटतं, हे मला समजतं. त्या अधिकाऱ्यानं तुमचा मांडव पाहिलेला नाही, अंतरपाट म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही. खोटी लग्नंही त्याच टेबलावर येतात, म्हणून तो सगळ्यांनाच पावत्या मागतो. मागू दे. खरी चूक तुम्ही दोघं करता आहात, त्या टेबलाला रोज तुमच्या फोनमध्ये बसवून. पंधरा दिवसांतला एक रविवार फाइलचा ठरवा. फोटो, पावत्या, तिकिटं, जे काय द्यायचं ते त्या दिवशी. बाकी दिवशी ‘केस’ हा शब्द काढायचा नाही. मग बोलायचं काय, असं विचारशील. एवढं लांब पत्र लिहिलंस, पण तू कशावर संशोधन करतेस हे त्याला माहीत आहे, असं त्यात कुठंच आलं नाही. त्या मुलाला खारपाण म्हणजे काय हे सांग. तुमच्या विहिरीचं पाणी तोंडात का धरवत नाही, पाणी असून ते पिकाला का देता येत नाही, हे फोन हातात धरून शेतात फिरत फिरत दाखव. आणि हो, तोही तिथं एकटाच आहे, त्यालाही कुणीतरी ‘बायको कधी येणार’ म्हणून विचारतच असेल.

आता गाव. ‘कवा चालली वं?’ विचारणारी प्रत्येक बाई तुला टोचायला आलेली नसते. निम्म्या जणी ‘जेवलीस का’ विचारावं तसं विचारून पुढं जातात. त्यांच्यासाठी एक वाक्य पाठ करून ठेव: ‘कागद मुंबईला यायचे आहेत काकू, आले की पेढे देते, सध्या अकोल्याला माझं काम चालू आहे.’ यातला शेवटचा तुकडा महत्त्वाचा, आणि आज तो खोटा आहे. लग्न झालेली पोरगी माहेरी नुसती बसलेली दिसली की गाव बोलतं. हे चूक आहे, पण तसं आहे. तीच पोरगी सकाळच्या एसटीनं खांद्याला पिशवी लावून विद्यापीठात जाताना दिसली की बोलायला फारसं उरत नाही. ‘जवाई नेत नाही का’ म्हणणाऱ्या बाईला मात्र उत्तर देऊ नको, तुझा वेळ जाईल.

आईचं दुःख वेगळं आहे. तिला काहीच समजत नाही, कारण सगळं इंग्रजीत आणि तुझ्या मोबाइलमध्ये आहे. मघाच्या पायऱ्या मराठीत एका कागदावर लिही, देवघराजवळच्या कॅलेंडरशेजारी लाव, झालेल्या पायरीवर तिच्याच हातानं हळदीचं बोट लावून घे. जावयाला सांग, सासूला स्वतः फोन कर, माझ्यामार्फत निरोप नको. घरी चार बायका बसलेल्या असताना आला तर फारच बरं. यात थोडी लबाडी आहे, पण चालते. अनारसे तो येईल तेव्हा कर म्हणावं. अधिकमास नसला म्हणून देव रागावत नाही.

रात्री दोनला डॅलसमध्ये ऑफिसची वेळ असते, म्हणून तू जागतेस. पण काही बदललं तर ईमेल येते, तुझ्या बघण्यानं फाइल सरकत नाही. शनिवारी सकाळी एकदाच पाहा आणि रात्री फोन आईच्या खोलीत ठेव. तरीही झोप लागत नसेल, दोन-दोन आठवडे रडू थांबत नसेल, जेवण जात नसेल, तर १४४१६ वर फोन कर. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. दातदुखीला डॉक्टर चालतो तर याला का नको?

राहिलं तुझं संशोधन, ज्याबद्दल तू पत्रात सगळ्यात कमी लिहिलंस. मृदाशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीला मी विचारलं. ती म्हणाली, पावसाआधीचा आणि पावसानंतरचा नमुना अशी जोडी लागते, एक हुकला की वर्ष गेलं. पावसानंतरचे तू घालवलेस. पण क्षारांचा प्रश्न दर्यापूरपुरता नाही, कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला अमेरिकी कृषी खात्याची त्यावर काम करणारी प्रयोगशाळाच आहे. तू तिकडं गेलीस तर ‘अमक्याची बायको’ यापलीकडं ओळख सांगायला तुझ्याकडं हाच विषय असेल. आणि तिथं पोचलीस म्हणजे कागद संपले, असंही समजू नको. प्रवेशाच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर ग्रीन कार्ड दोन वर्षांचंच मिळतं, आणि ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून पुन्हा अर्ज करायचा, पुन्हा पुरावे द्यायचे.

सरांना खरं सांगायचं. तब्येतीची थाप तुला रोज थोडं थोडं आजारी करते आहे. लग्न झालेल्या विद्यार्थिनी त्यांनी पाहिल्या असतील, ते रागावतील ते न सांगितल्याबद्दल. जाताना दोन प्रश्न लिहून ने: शेतातलं आणि प्रयोगशाळेतलं काम मी इथं असेपर्यंत किती उरकू शकते, आणि प्रबंधाचं लिखाण बाहेरगावाहून करायला विद्यापीठाचे नियम काय म्हणतात? होस्टेलची खोली परत मिळेल का, तेही विचार. मृगाला फार दिवस उरलेले नाहीत आणि पावसाआधीचे नमुने अजून घेता येतात, तेव्हा सोमवारची सकाळची एसटी धर, अकराला सर भेटतील.