‘मर्ज’ला मराठीत काय म्हणावे: विलीनीकरण, गुंफण की मेळ?

फोंड्याहून एका प्राध्यापिकेने विचारले आहे: “डेटाबेस हा विषय मी मराठीत टिपणे देऊन शिकवते. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, चालवताना एक्झिक्युटर, म्हणजे ती प्रत्यक्ष राबवणारा भाग, क्रमवारी लावलेल्या ओळींचे दोन-चार प्रवाह घेतो आणि त्यांतून एकच क्रमवार प्रवाह बाहेर देतो. या ‘मर्ज’ला कोशात ‘विलीनीकरण’ सापडले. वर्गात तो शब्द उच्चारला की मागच्या बाकावरून कुणीतरी ‘जनमत कौल!’ म्हणते. शब्द बरोबर आहे का?”

मागच्या बाकावरच्या मुलाचे कान चांगले आहेत. गोव्यात ‘विलीनीकरण’ हा कोरा शब्द नाही. महाराष्ट्रात जायचे की संघप्रदेश म्हणून राहायचे, यावर १६ जानेवारी १९६७ रोजी इथे मतदान झाले. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पाने म्हणजे वेगळे राहणे. दोन पानांना ३४,०२१ मते जास्त पडली. आमच्या घरात दोन्ही बाजूंची माणसे होती, आणि त्यांच्यातले कुणी हा शब्द सहज म्हणून उच्चारत नसे. मात्र तुमच्या टिपणातून तो काढावा असे मी म्हणतो, ते अर्थासाठी.

‘विलीन’ शब्दात ‘ली’ हा धातू आहे: चिकटणे, विरघळणे, दिसेनासे होणे. आगरातले मीठ पाण्यात विलीन झाले की यातला कुठला खडा कुठला, हे विचारता येत नाही. दोन बँकांचे विलीनीकरण होते तेव्हा एकीचे नाव पुसले जाते, म्हणून तिथे तो शब्द चपखल बसतो. एक्झिक्युटरच्या आत असे काहीच विरघळत नाही. प्रत्येक ओळ जशी आली तशीच बाहेर पडते, आणि एकाच प्रवाहातल्या ओळींचा आपसातला क्रमही मोडत नाही. शब्द निवडताना हाच मुद्दा धरून ठेवायला हवा.

आपल्याच तालुक्यांवर करून पाहू. एका बाजूला काणकोण, डिचोली, पेडणे, फोंडा. दुसऱ्या बाजूला केपे, तिसवाडी, बार्देश, सत्तरी. दोन्ही याद्या वर्णक्रमाने लावलेल्या. एक्झिक्युटर फक्त दोन तोंडांकडे पाहतो: काणकोण आणि केपे. काणकोण आधी, तो बाहेर. आता तोंडाशी डिचोली आणि केपे, केपे बाहेर. मग डिचोली, मग तिसवाडी, पेडणे, फोंडा. इथे पहिली यादी संपते, म्हणून बार्देश आणि सत्तरी कुणाशीही तुलना न होता मागोमाग येतात. आठ ओळी बाहेर पडल्या, तुलना झाल्या सहा. मागे काय आहे हे पाहावे लागले नाही, कारण याद्या आधीच क्रमात होत्या. जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ साली संगणकासाठी क्रमवारीची जी रीत मांडली, तिचा गाभा हाच होता.

‘प्रवाह’ या शब्दाबद्दलही माझे थोडे म्हणणे आहे. प्रवाह आपणहून वाहतो. इथली ओळ मागितल्याशिवाय येत नाही. वरचा टप्पा खालच्याला “पुढची दे” म्हणतो, तेव्हा एक ओळ वर सरकते. मला ‘रांग’ जास्त जवळची वाटते. चोडणला जायला रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोटीसाठी उभे राहिलेल्यांना ती वेगळी समजावून सांगायला नको. रांगेला तोंड असते, तोंडाशी एकच जण असतो, आणि तो पुढे गेल्याशिवाय मागचा दिसत नाही. शिवाय ‘तोंड’ हा शब्दही आयता मिळतो.

रांगा दोनाऐवजी बारा असल्या, म्हणजे एकच तक्ता तालुकावार तुकड्यांत विभागून ठेवलेला असला, तर दर वेळी बाराही तोंडे तपासणे परवडत नाही. त्यासाठी हीप नावाची पातळ्यांची रचना वापरतात. या हीपला काही टिपणांत ‘ढीग’ म्हटलेले मी पाहिले आहे, आणि ते मला फार खटकते. ढिगाला शिस्त नसते. मराठीत याला नेमका शब्द पडून आहे: उतरंड. मडक्यांच्या उतरंडीत मोठे मडके खाली आणि सर्वांत लहान वर असते. सर्वांत लहान किंमत माथ्यावर ठेवणारा हीप तसाच असतो. फरक एवढाच, की इथे एकेका मडक्याखाली दोन मडकी असतात. बारा रांगांची बारा तोंडे चार पातळ्यांत मावतात. माथ्यावरची ओळ बाहेर गेली की तिच्याच रांगेतली पुढची ओळ तिच्या जागी येते आणि फार तर तीन पायऱ्या खाली उतरून आपली जागा घेते. ‘उतरणे’ हे क्रियापदसुद्धा त्याच घरचे. तुम्ही वर्गात हा शब्द वापरून पाहाच.

आता मूळ शब्दाकडे. ‘सरमिसळ’ तर उलटाच अर्थ देते, कारण तिच्यात क्रम मोडतो. ‘संगम’ ऐकायला गोड, पण खांडेपार नदी मांडवीला मिळाल्यावर पाणी वेगळे काढता येत नाही, अडचण मिठाचीच. ‘गुंफण’वर माझा बराच काळ जीव होता. अबोलीची फाती करताना मध्ये जाई घातली तरी अबोली अबोलीच राहते आणि जाई जाईच. फुले विरघळत नाहीत, हे पटते. पण कुठले फूल आधी घ्यायचे हे गुंफणारीच्या मनावर असते. एक्झिक्युटरला ती मुभा नाही. तोंडाशी असलेल्यांत जे लहान, तेच घ्यायचे.

मला पटलेला शब्द ‘मेळ’ आहे. मराठीत मेळ बसतो, मेळ घालतात, ताळमेळ राखतात. जमाखर्चाच्या वहीला रोजमेळ म्हणत. या सगळ्यांत दोन बाजू समोरासमोर ठेवून पाहण्याचा, म्हणजे तुलनेचा, अर्थ आहे आणि कुणाची ओळख पुसली जात नाही. गोव्यात तर हा शब्द दरवर्षी शिगमोत्सवात ढोल-ताशांसह रस्त्यावर येतो. रोमटामेळात गावचे लोक आपापले झेंडे घेऊन एका मिरवणुकीत चालतात, आणि चालताना आपले पथक सोडत नाहीत. एकट्या ‘मेळ’मध्ये क्रमवारीची अट दिसत नाही, म्हणून पुढे ‘क्रम’ जोडून ‘क्रममेळ’ करावे. क्रियापद ‘क्रमाने मेळवणे’. ‘मिळवणे’ मात्र नको. ‘मिळवणी’ म्हटले की शाळेतली बेरीज आठवते.

याने एक भेदही आपोआप सुटतो. पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीत क्वेरीची योजना, म्हणजे ती कुठल्या टप्प्यांनी चालेल याचा आराखडा, पाहिली की कधी ‘अपेंड’ दिसते, कधी ‘मर्ज अपेंड’. पहिल्यात एक रांग संपल्यावर दुसरी सुरू होते, त्यामुळे एकूण क्रमाची हमी नसते. ती ‘एकापाठोपाठ जोडणी’. दुसरे, २०११ च्या ९.१ आवृत्तीत आलेले, ते खरे क्रममेळ. २०१७ च्या १० व्या आवृत्तीतले ‘गॅदर मर्ज’ हेच काम समांतर चालणाऱ्या प्रक्रियांकडून आलेल्या रांगांवर करते. विद्यार्थ्यांना हेही सांगा, की क्रममेळात हाताशी प्रत्येक रांगेतली एकच ओळ ठेवावी लागते, आणि पहिल्या दहाच ओळी हव्या असतील तर बाकीच्या रांगा शेवटपर्यंत वाचाव्याच लागत नाहीत. ‘विलीनीकरण’ म्हटले की सगळे एकदम उरकल्यासारखे वाटते. इथे काम ओळीओळीने चालू असते.

दोन तक्ते जोडण्याची ‘मर्ज जॉइन’ ही रीत आहे, तिला मात्र क्रममेळ म्हणू नका. तिथे दोन रांगांतल्या समान किमतीच्या ओळी जुळवून त्यांची नवी जोडओळ तयार होते, म्हणून ‘क्रमजोड’ बरे. आणि एसक्यूएल या डेटाबेसच्या क्वेरीभाषेतली ‘मर्ज’ ही आज्ञा, जी २००३ च्या मानकात आली आणि पोस्टग्रेसमध्ये २०२२ साली, तिचा या कुळाशी संबंधच नाही. ती जुळणारी ओळ सापडली तर बदलते किंवा काढते, नाही सापडली तर नवी घालते. तिचे नाव ‘मर्ज’ असेच राहू द्यावे.

राहता राहिला ‘क्रम’. तो कुठला, हे मराठीत फार महत्त्वाचे आहे. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो. संगणकात प्रत्येक अक्षराला संकेतांक देणाऱ्या युनिकोडने त्याला ल च्या लगेच पुढे बसवले आहे, व आणि स यांच्या आधी. त्यामुळे नुसत्या संकेतांकांनी लावले तर वाळपई आधी आणि वास्को नंतर; वर्णमालेने लावले तर वास्को आधी आणि वाळपई नंतर. समजा एक रांग संकेतांकांनी लावली आहे, दुसरी वर्णमालेने, आणि क्रमजोड संकेतांकांनी तुलना करते. पहिल्या रांगेचे तोंड वाळपई, दुसरीचे वास्को. वाळपई लहान ठरली, जोडीदार नाही म्हणून पुढे ढकलली. मग वास्कोला वास्को मिळाले. तिथे पहिली रांग संपली. दुसऱ्या रांगेत वाळपई उभीच होती, पण तिला विचारायला कुणी उरले नाही. चूक झाल्याचा संदेशही आला नाही. वाळपईची ओळ निकालातून गळली, एवढेच. म्हणून व्याख्येत ‘एकाच क्रमाने’ हे शब्द आले पाहिजेत.

तुमच्या टिपणातले वाक्य मी असे लिहीन: “एकाच क्रमाने लावलेल्या दोन किंवा अधिक रांगांच्या तोंडाशी असलेल्या ओळींची तुलना करून, दर वेळी सर्वांत लहान ओळ पुढे देत, सगळ्यांची मिळून एकच क्रमवार रांग करणे म्हणजे क्रममेळ.” परीक्षेत मुलांना ‘मर्ज’ लिहावेसे वाटले तर लिहू द्या, तो शब्द त्यांना कामावर रोज भेटणारच आहे.