गोष्ट ऐकताना ‘बिच्चारं’, आणि नंतर शेपूट ओढायचं!

लहान मुलांना वाचवलेल्या प्राण्यांच्या गोष्टी सांगाव्यात का, कशा सांगाव्यात, त्यातून दुसऱ्याचं दुःख त्यांना खरंच कळतं का, यावर बरीच पत्रं आलीत. त्यातली चार घेते.

प्रश्न: ताई, मुलगा साडेचार वर्षांचा आहे. रेस्क्यू केलेल्या कुत्र्यामांजरांच्या गोष्टी त्याला प्रचंड आवडतात, डोळे मोठे करून ऐकतो, मधे मधे ‘बिच्चारं पिल्लू’ पण म्हणतो. आणि गोष्ट संपली की पाच मिनिटांत घरातल्या मांजरीचं शेपूट ओढतो! मग उपयोग काय या गोष्टींचा? बायको म्हणते तू उगाच टेन्शन घेतोस. – एक बाबा

उत्तर: तुमच्या बायकोचं बरोबर आहे, पण अर्धंच. या वयातलं मूल शेपूट ओढतं ते बहुतेक वेळा दुष्टपणाने नाही, ओढल्यावर काय होतं ते बघायला ओढतं, आणि मांजर लगेच उडी मारते, ओरडते, पळते, म्हणजे इतका भारी रिस्पॉन्स मिळाल्यावर परत ओढावंसं वाटणारच ना. पण म्हणून सोडून द्यायचं असंही नाही. शेपूट हा पाठीच्या कण्याचाच पुढचा भाग असतो, आत हाडं असतात, आणि जोरात हिसका बसला तर लघवी-शी कंट्रोल करणाऱ्या नसांना इजा होऊ शकते. हे मुलाला त्याच्या भाषेत सांगा. त्याचाच हात त्याच्या पाठीवर फिरवा, ‘ही टणक टणक हाडं लागतायत ना, तशीच तिचीपण आहेत, पार शेपटीच्या टोकापर्यंत.’ हात फिरवून कळलेलं डोक्यात राहतं, नुसतं ‘असं करायचं नाही हां’ या कानातून त्या कानात जातं.

मार्टिन हॉफमन या मानसशास्त्रज्ञांनी मुलांच्या एम्पथीवर भरपूर काम केलंय. त्यांचा मुद्दा असा की नुसतं ओरडण्यापेक्षा किंवा शिक्षा करण्यापेक्षा ‘तू हे केलंस, त्यामुळे तिला असं झालं’ हे मुलाला जोडून दाखवलं तर ते जास्त उपयोगी पडतं. ‘वाईट मुलगा’ म्हटलं की मूल स्वतःचाच विचार करत बसतं, मी वाईट का, आई-बाबा चिडले का, आता टीव्ही बंद का, आणि मांजर राहते बाजूला.

आता गोष्टींचं. टोरांटोमधल्या संशोधकांनी 2017 मध्ये एक अभ्यास छापला, त्यात 4 ते 6 वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची एक गोष्ट वाचून दाखवली, काहींच्या पुस्तकात पात्रं माणसं होती आणि काहींच्या पुस्तकात कपडे घालून माणसांसारखं वागणारे प्राणी. नंतर मुलांना स्टिकर दिले आणि बघितलं कोण दुसऱ्या मुलासाठी किती देतंय. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी आधीपेक्षा जास्त दिले, प्राण्यांच्या गोष्टीने तशी वाढ झाली नाही. मला वाटतं आपण नेमकी इथेच गल्लत करतो, प्राण्याला चड्डी-शर्ट घालतो, बोलायला लावतो, शेवटी त्याच्या तोंडून ‘थँक यू’ वदवून घेतो, आणि मुलाला वाटतं मस्त धमाल गोष्ट होती. ती घरातल्या मांजरीला लागू होते हे त्याला कुठून कळणार? घरातली मांजर कुठे बोलते!

म्हणून गोष्टीतला प्राणी प्राण्यासारखाच राहू द्या. पिल्लू बोलत नाही, ते कॉटच्या खाली पार भिंतीला चिकटून बसतं. कोणी हात पुढे केला की कान मागे जातात. वाटीतलं खायला येतं, पण सगळे खोलीबाहेर गेल्यावरच. इथे थांबा आणि विचारा, ‘सगळे गेल्यावरच का आलं असेल?’ उत्तर लगेच सांगून टाकू नका हां, आपल्याला फार घाई असते. आणि हेच दुसऱ्या दिवशी घरच्या मांजरीवर करा, ‘बघ, शेपूट फटफट आपटतेय, कान आडवे झालेत, पाठीची कातडी थरथरतेय, काय म्हणत असेल?’ म्हणजे ‘बास आता’. मग हात मागे घ्यायचा. तिने स्वतःहून जवळ येऊन हाताचा वास घेतला तरच हात लावायचा. हे अंगवळणी पडेपर्यंत दोघांना एकटं सोडू नका, मांजरीसाठीही आणि मुलासाठीही. आणि मोठं झाल्यावरही मूल मुद्दाम, लपूनछपून, परत परत प्राण्यांना दुखवत असेल तर मात्र ‘लहान आहे’ म्हणत बसू नका, चाइल्ड काउन्सेलरला भेटा.

प्रश्न: माझी मुलगी चार वर्षांची, फार हळवी. हरवलेल्या पिल्लाची गोष्ट सांगितली तर रात्री रडत उठली, ‘त्याची आई कुठंय’ म्हणून. सासूबाई म्हणतात कशाला सांगतेस असलं काही. बंद करू का? – एक आई

उत्तर: बंद नको, पण सांगायची पद्धत बदला. दुसऱ्याचं दुःख बघून कधी कधी मूल स्वतःच इतकं घाबरून जातं की त्याला मग मदत-बिदत काही सुचत नाही, फक्त तिथून सुटायचं असतं. नॅन्सी आयझेनबर्ग या मानसशास्त्रज्ञांच्या संशोधनात हा फरक स्पष्ट केलाय, दुसऱ्याबद्दल काळजी वाटणं वेगळं आणि स्वतःच हादरून जाणं वेगळं. म्हणजे मूल जितकं जास्त रडेल तितकं ते प्रेमळ, असं काही नसतं, आणि मुद्दाम रडवणाऱ्या गोष्टी तर मला अजिबात आवडत नाहीत.

जखम, रक्त, एकटेपणा हे एका वाक्यात उरका आणि त्याच वाक्यात मदत करणाऱ्याला आणा. बाकी सगळा वेळ बरं होण्याला द्या, कुठे झोपलं, पहिल्यांदा कधी खाल्लं, कोणाला घाबरायचं थांबलं. ओवेनची खरी गोष्ट यासाठी छान आहे. डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत केनियाच्या किनाऱ्यावर ओवेन नावाचं पाणघोड्याचं एक पिल्लू कळपापासून तुटलं. गावातल्या लोकांनी मासे धरायच्या जाळ्या घेऊन त्याला पकडायची धडपड केली, आणि पिल्लू म्हणजे केवढं, अडीचशे किलोच्या वर! शेवटी पकडून मोंबासाच्या हॅलर पार्कमध्ये नेलं, तर तिथे ते गेलं थेट एका म्हाताऱ्या कासवाच्या मागे लपायला. कासव म्झे, वय सुमारे 130 वर्षं. कासवाला आधी हे मुळीच आवडलं नाही, फुत्कारलं, लांब गेलं, पिल्लू परत मागे. हळूहळू दोघं एकत्र खायला-झोपायला लागली. कासवाने लगेच मिठी मारली नाही ना, तोच भाग मुलांना सांगावा असा आहे.

‘त्याची आई कुठंय’ला उत्तर असेल तर द्या, नसेल तर ‘नाही सापडली, पण आता त्याच्याजवळ कोण आहे माहितीये?’ एवढं पुरे. आणि असल्या गोष्टी दुपारी सांगा, झोपताना नको.

प्रश्न: नातू सात वर्षांचा आहे. विंटर डॉल्फिनची गोष्ट सांगितली, आता विचारतो ती अजून आहे का? ती गेली हे सांगावं की नाही? – एक आजी

उत्तर: सांगा की आजी. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, डिसेंबर 2005 मध्ये फ्लोरिडात डॉल्फिनचं एक छोटं पिल्लू खेकड्यांच्या सापळ्याच्या दोरीत अडकलेलं सापडलं, रक्तपुरवठा तुटल्यामुळे त्याची शेपटी गेली. मग विंटर माशासारखी आडवी हलून पोहायला लागली, पण डॉल्फिन शेपटी वर-खाली करून पोहतात, त्यामुळे कण्याला त्रास व्हायची भीती होती. म्हणून तिला कृत्रिम शेपटी केली, आणि ती टोचू नये म्हणून जे मऊ जेल बनवलं ते पुढे माणसांच्या कृत्रिम पायांसाठीही वापरलं गेलं. ती नोव्हेंबर 2021 मध्ये गेली. सात वर्षांच्या मुलाला मेलेलं परत येत नाही हे बहुतेक कळत असतं, तुम्ही ‘झोपलीय’ म्हणालात आणि त्याला नंतर दुसरीकडून कळलं तर पुढच्या वेळी तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही. शेपटी कशी बसवली हेच तो जास्त विचारेल बघा.

प्रश्न: अशा गोष्टींनंतर आमच्या वर्गातली मुलं दिसेल ते पिल्लू उचलून आणतात! परवा पक्ष्याचं आणलं. कौतुक करू की रागवू? – बालवाडीच्या एक ताई

उत्तर: दोन्ही नको. त्यांनी तेच केलं जे गोष्टीत हिरो करतो, चूक गोष्टीची आहे, कारण तिच्यात उचलणं म्हणजेच वाचवणं असतं. खरं तर ‘मला काय करावंसं वाटतंय’ आणि ‘त्याला काय हवंय’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि हे मुलांना आपल्याला वाटतं त्यापेक्षा लवकर जमतं. 1997 च्या एका प्रयोगात बाईने बिस्किट खाऊन नाक मुरडलं आणि ब्रोकोली खाऊन खूश झाल्याचं दाखवलं, मग मुलांपुढे हात केला. 14 महिन्यांच्या मुलांनी स्वतःला आवडणारं बिस्किटच दिलं, 18 महिन्यांच्या मुलांनी ब्रोकोली दिली. तुमची मुलं तर केवढी मोठी आहेत!

तेव्हा वर्गात नियमच करा, आधी थांबायचं, लांबून बघायचं, मोठ्या माणसाला बोलवायचं. पिल्लाला पिसं आलेली असतील आणि ते टुणटुण उड्या मारत असेल तर ते उडायला शिकतंय, आई-बाप जवळपासच असतात, त्याला तिथेच राहू द्या, फक्त कुत्रं-मांजर लांब ठेवा. पिसं नसलेलं उघडं पिल्लू खाली पडलं असेल आणि घरटं हाताला येत असेल तर मोठ्यांनी परत घरट्यात ठेवावं, माणसाचा हात लागला की आई टाकून देते हे खरं नाही. चोचीत पाणी सोडू नका, श्वासनलिकेत जाऊ शकतं, दूध तर नाहीच. मांजरीने तोंडात धरलं असेल तर जखम दिसत नसली तरी लगेच पक्ष्यांच्या डॉक्टरकडे किंवा रेस्क्यूवाल्यांकडे न्या. आणि मुलांना हे पाठच करायला लावा, की कुठलाही प्राणी चावला किंवा ओरखडलं तर लपवायचं नाही, लगेच सांगायचं. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं, रेबीजच्या बाबतीत ‘बघू उद्या’ चालत नाही.