जिथे जाता येत नाही, तिथला अभ्यास

तुझं पत्र दोनदा वाचलं. महासागराच्या तळाचं कवच प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या खडकाच्या जाड थरात, बुडाल्यावर त्यातल्या खनिजांचं काय होतं, या प्रश्नाने तुला झपाटलंय. आणि बाबा विचारतात, 'जिथे कुणी जाऊच शकत नाही, तिथलं शिकून पोट कसं भरणार?' त्यांच्यावर रागावू नकोस, प्रश्न रास्त आहे.

तिथे जावं लागत नाही, तिथला दाब टेबलावर आणतात. दोन हिरे टोकाला टोक लावून धरायचे, मध्ये खडकाचा डोळ्यांना जेमतेम दिसणारा कण. स्क्रू आवळत जायचं, लेझरने तापवायचं. हिऱ्यातून क्ष-किरण आरपार जातात, त्यामुळे आतली स्फटिकरचना बदलताना टिपता येते.

महासागराचं कवच ज्या खडकाचं असतं, तो बेसाल्ट खोल गेला की त्याचं एक्लोगाइट होतं: त्यात लाल गार्नेट आणि हिरवं ओम्फासाइट ही खनिजं. घनता पाण्याच्या 3 पटींवरून 3.5 पटींच्या आसपास जाते आणि हे वाढलेलं वजन मागची प्लेटही खाली ओढतं. 660 किलोमीटर खोलीवर मात्र पारडं फिरतं. भोवतालचं प्रावरण ब्रिजमनाइट या जास्त घन खनिजात बदलून जड होतं, पण बेसाल्टमधलं गार्नेट साधारण 720 किलोमीटरपर्यंत तग धरतं. तेवढ्या पट्ट्यात बुडणारं कवचच हलकं ठरतं! त्यातलं किती तिथे अडकतं आणि किती पार होतं, हे अजून नीट सुटलेलं नाही. म्हणजे तुझ्यासाठी काम शिल्लक आहे. सिलिकाचं अतिदाबातलं रूप, स्टिशोवाइट, 1961 साली प्रयोगशाळेत पहिल्यांदा बनवणारे सर्गेई स्टिशोव तेव्हा विद्यार्थीच होते.

आता व्यवहाराचं. गणित सोडू नकोस, हे अगदी कळकळीने सांगतेय. पदवी भूशास्त्राचीच हवी असं नाही. भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र घेऊनही इथे येता येतं. पीएच.डी. मात्र करावीच लागेल, आणि संशोधनातल्या कायम जागा थोड्या असतात. पण क्ष-किरणांचं आणि उच्च दाबाचं तंत्र हातात असलं की मटेरियल सायन्सच्या प्रयोगशाळांतही मागणी असते. बाबांना हेही सांग.

या आठवड्यात एक कर. क्वार्ट्झ, कोएसाइट आणि स्टिशोवाइट या सिलिकाच्या तीन रूपांचा दाब-तापमानाचा आलेख शोध आणि स्वतःच्या हाताने काढून बघ. रेषा तिरक्या का आहेत, हा प्रश्न तुला जेवतानाही छळत राहिला, तर मला पुन्हा लिही. मग विषयनिवडीचं सविस्तर बोलू.