१०० एमबीपीएस असूनही कॉल का तुटतो आणि शेजाऱ्यांचा गोल आधी का होतो?

तुमचा प्रश्न मी असा समजलो, गोव्यात साखळीला घरी १०० एमबीपीएसचं फायबर आहे, यूट्यूब मस्त चालतं, पण लंडनच्या भावाला व्हिडिओ कॉल लावला की आवाज फाटतो, आणि ॲपवर फुटबॉल बघताना डिश असलेल्या शेजाऱ्यांचा ओरडा तुमच्या गोलच्या आधी ऐकू येतो, तर एवढं स्पीड असून असं का. मी डिचोली तालुक्यातच केबलचं काम करतो, आधी जाडी कोॲक्सिअल ओढायचो आता फायबर जोडतो, आणि हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी कोणीतरी विचारतंच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्पीड टेस्ट एवढंच सांगते की सेकंदाला किती माल येऊ शकतो. तो वेळेवर येतो की नाही हे त्या मोठ्या आकड्यात दिसत नाही. आणि आवाजाला माल लागतो किती, तर अगदी थोडा. साध्या फोनच्या दर्जाचा आवाज म्हणजे ६४ केबीपीएस (१,००० केबीपीएस म्हणजे १ एमबीपीएस), तो २०-२० मिलिसेकंदांचे (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग) तुकडे करून पाठवतात, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेटं, प्रत्येकात १६० बाइट आवाज आणि वर ४० बाइट पत्ता, अनुक्रमांक, वेळेचा शिक्का वगैरे, मिळून ८० केबीपीएस झाले. नुसत्या हिशोबाने तुमच्या लाइनीत असे हजारावर कॉल मावतील. आताची ॲप्स बहुतेक ओपस नावाचा कोडेक (आवाज दाबून लहान करायची पद्धत) वापरतात, तो २०१२ साली स्टँडर्ड झाला, त्याला तर याहून कमी पुरतं आणि आवाज उलट चांगला येतो. म्हणजे कॉल तुटतो तो माल कमी पडतो म्हणून नव्हे, पॅकेटं वेळ चुकवतात म्हणून.

यूट्यूबला हा त्रास का नाही? कारण तो व्हिडिओ आधीच कुठेतरी तयार होऊन पडलाय. तो काही सेकंदांच्या तुकड्यांत कापलेला असतो, आणि प्रत्येक तुकडा चार-पाच दर्जांत बनवून ठेवलेला असतो. तुमचा टीव्ही पुढचे बरेच तुकडे आधीच आणून साठवतो, लाइन मंदावली तर पुढचा तुकडा हलक्या दर्जाचा मागतो, एखादं पॅकेट हरवलं तर परत मागवतो, आणि हे सगळं होईपर्यंत साठ्यातलं चित्र चालूच राहतं, तुम्हाला पत्ताही लागत नाही. अशा तुकड्यांची ॲपलची एचएलएस पद्धत २००९ साली आली, तशीच दुसरी डॅश २०१२ ला स्टँडर्ड झाली, आज बहुतेक ओटीटी ह्या दोन्हींवरच चालतं. शिवाय लोकप्रिय व्हिडिओंच्या प्रती कंपन्या तुमच्या इंटरनेटवाल्याच्या जवळच्या सर्व्हरवर आणून ठेवतात, म्हणजे दरवेळी अमेरिकेला जावं लागत नाही.

आता लाइव्ह मॅचची तीच पद्धत, फक्त तुकडे जसे तयार होतील तसे पाठवायचे. एक तुकडा ६ सेकंदांचा धरा. तो पूर्ण तयार झाल्याशिवाय पाठवता येत नाही, आणि साध्या एचएलएसमध्ये प्लेअर सुरुवात करतो ती ताज्या टोकापासून तीन तुकडे मागून, म्हणजे १८ सेकंद तिथेच गेले, वर कॅमेऱ्यापासून सर्व्हरपर्यंतचं एन्कोडिंग (चित्र दाबून लहान करणं) आहेच. शेजाऱ्यांच्या डिशचा उपग्रह ३५,७८६ किलोमीटर वर असला तरी वर जाऊन खाली यायला पाव सेकंदच लागतो, आणि डिशलाही एन्कोडिंगचे काही सेकंद लागतात पण तुकड्यांची ही भानगड तिथे नाही. म्हणून गोल त्यांच्याकडे आधी. तुमच्या लाइनीत काही बिघाड नाही, तुम्ही ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेतलात तरी गोल तेवढाच उशिरा होणार, त्यामुळे निव्वळ ह्या कारणासाठी पैसे वाढवू नका. कमी उशिराचे नवे प्रकार आलेत, त्यांत तुकड्याचेही तुकडे करून पाठवतात आणि उशीर काही सेकंदांवर येतो, पण ॲपवाल्याने ते वापरले तर.

खरा आयपीटीव्ही मात्र वेगळा, लोक दोन्ही एकच समजतात म्हणून सांगतो. केबल किंवा फायबरवाला स्वतःच्या नेटवर्कमध्ये सेट-टॉप बॉक्सला जे चॅनल देतो ते मल्टिकास्टने देऊ शकतो. पेपरचा गठ्ठा जसा गावच्या स्टँडपर्यंत एकच येतो आणि तिथून वाटला जातो तसं, चॅनलची एकच धार येते आणि जिथे फाटा फुटतो तिथे तिची नक्कल होते. तुम्ही रिमोटने चॅनल बदललात की बॉक्स नेटवर्कला सांगतो, हा ग्रुप सोडला, तो जोडला. ह्यासाठी २२४ पासून २३९ ने सुरू होणारे आयपी पत्ते राखून ठेवलेले आहेत. दहा घरांत तेच चॅनल लागलं काय किंवा हजार घरांत, मुख्य लाइनीवर भार तेवढाच. उघड्या इंटरनेटवर हे चालत नाही, तिथे प्रत्येक घराला स्वतंत्र प्रत जाते. एक लक्षात ठेवा, असा बॉक्स वायफायवर जोडू नका, मल्टिकास्ट वायफायवरून बहुधा अगदी हळू दराने सोडलं जातं आणि पॅकेट हरवलं तर वायफाय ते परत पाठवत नाही, त्यामुळे चित्राचे चौकोन होतात. लॅनची वायर ओढाच.

आता कॉलकडे येतो, खरी मेख तिथे आहे. कॉलमध्ये साठा करायला वेळच नाही. आयटीयू ह्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीप्रमाणे एका बाजूने १५० मिलिसेकंदांपर्यंत उशीर असेल तर बहुतेक बोलण्यात अडचण वाटत नाही, ४०० च्या पुढे तर जाऊच नये. त्यात फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, गोवा ते लंडन सरळ रेषेत साडेसात हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे ३७-३८ मिलिसेकंद नुसते प्रवासाचेच, आणि समुद्राखालची केबल सरळ रेषेत जात नाही त्यामुळे प्रत्यक्षात बरेच जास्त. पॅकेट भरायला २०, पलीकडे पॅकेटं थोडी थांबवून ओळीने लावायला अजून ५० तरी. म्हणजे तुमच्या घरातून निघायच्या आधीच १५० पैकी बहुतेक खर्च ठरलेला आहे, उरले असतील २०-३०. आणि ते २०-३० आपण घरातच उडवतो.

कसे? दोन जागा आहेत.

पहिली, चिरा, म्हणजे जांभा दगड. आपल्या जुन्या घरांच्या चिऱ्याच्या भिंती दीड-दोन फुटांच्या, पावसात ओल धरलेल्या, आणि राउटर ठेवलेला पुढच्या खोलीत कारण फायबर तिथून आत आली. तुम्ही बोलता राजांगणापलीकडच्या, म्हणजे मधल्या चौकापलीकडच्या खोलीतून. ५ गिगाहर्ट्झवरचं वायफाय दुसऱ्या भिंतीतच संपतं, २.४ पोचतं पण तिथे शेजाऱ्यांचं वायफाय, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह सगळ्यांची गर्दी. पॅकेट हरवलं की वायफाय तेच परत परत पाठवतं, शेवटी ते पोचतंही, पण ८० मिलिसेकंद उशिरा, आणि कॉलमध्ये उशिरा आलेलं पॅकेट म्हणजे हरवलेलंच, ॲप ते टाकून देतं. मी कितीतरी घरांत पाहिलंय, लाइन बदला म्हणून तक्रार असते आणि राउटर आत मधल्या खोलीत नेला किंवा वायर टाकून मागे दुसरा ॲक्सेस पॉइंट (वायफाय सोडणारा डबा) बसवला की तक्रार बंद.

दुसरी जागा अपलोडची रांग. रायबंदरहून चोडणला जाणारी फेरीबोट डोळ्यांसमोर आणा. बोट कितीही मोठी असो, धक्क्यावर तुमच्या स्कूटरपुढे टेंपोंची रांग असेल तर तुम्हाला थांबावंच लागतं. कोणाचा तरी मोबाइल वायफायवर येतो आणि चवथीचे (गणेशचतुर्थीचे) सगळे फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लागतो, ती १५०० बाइटची पॅकेटं म्हणजे टेंपो, तुमच्या आवाजाची २०० बाइटची म्हणजे स्कूटर. राउटरकडे रांगेला जागा भरपूर असते, तो एकही पॅकेट टाकत नाही, सगळ्यांना उभं करून ठेवतो, आणि रांग अर्ध्या सेकंदाचीसुद्धा होते. ह्याला बफरब्लोट म्हणतात. गंमत म्हणजे स्पीड टेस्ट तेव्हाही छान येऊ शकतं, कारण बोट भरूनच चाललीय. उपाय दोन, एक तर कॉलच्या वेळी बॅकअप थांबवा, नाहीतर राउटरच्या क्यूओएस किंवा एसक्यूएम (रांगेत कोणाला आधी सोडायचं ते ठरवणाऱ्या) सेटिंगमध्ये अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर बांधा, म्हणजे रांग राउटरच्या ताब्यात राहते आणि तो स्कूटरी पुढे काढू शकतो. मोबाइलच्या व्होल्टी (४जीवरून होणाऱ्या) कॉलमध्ये हेच कंपनीच्या नेटवर्कने केलेलं असतं, तिथेही आवाज आयपी पॅकेटांतूनच जातो पण त्याला राखीव वाट असते. व्हॉट्सॲप कॉलला उघड्या इंटरनेटवर अशी वाट कोणी देत नाही, सगळ्यांबरोबर रांगेत.

तुमच्या भावाचा विषय निघाला म्हणून एक सांगतो, कदाचित तुम्हालाही उपयोगी पडेल. माझा चुलतभाऊ पण तिकडेच आहे. चवथीला येता आलं नाही म्हणून आम्ही माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या आराशीखाली) फोन लावून त्याला आरतीत घेतला, त्याने तिथे झांज धरलेली. पहिल्या कडव्यातच सगळा ताल विस्कटला, आम्ही त्याच्यासाठी थांबलो तर तो अजून मागे गेला. एकत्र वाजवणाऱ्यांमध्ये २५-३० मिलिसेकंदांपेक्षा जास्त उशीर झाला की ताल सांभाळणं अवघड होतं. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे ३० मिलिसेकंद म्हणजे दहा मीटर, देवळाच्या सभामंडपाची दोन टोकं धरा. गोवा-लंडन हे अंतर फायबरमधल्या प्रकाशालाच तेवढ्या वेळात झेपत नाही, कुठलाही प्लॅन, कुठलाही राउटर ते करू शकणार नाही. हे मी ह्या धंद्यात असून त्या दिवशी भावाला सांगताना मला फार वाईट वाटलं.

पण त्याहून वाईट दुसरंच होतं. तो म्हणाला घुमटं (मातीच्या भांड्याची तालवाद्यं) ऐकूच येत नाहीत, नुसते आमचे तोंडचे शब्द येतात तेही तुटक. घुमटाशिवाय आपली आरती कसली! कारण असं की कॉलची ॲप्स माणसाचं बोलणं तेवढं ठेवतात आणि बाकीचा आवाज गोंगाट समजून दाबतात, घुमट, शामेळ, कांसाळें ही सगळी वाद्यं त्यांच्या लेखी गोंगाट. मग मी ज्या ॲपमध्ये मूळ आवाज तसाच पाठवायची सोय आहे, झूममध्ये आहे, ते लावलं, नॉइज सप्रेशन बंद केलं, फोन जमिनीवरून उचलून स्टुलावर चार हात लांब ठेवला, आणि भावाला सांगितलं तू म्यूट कर आणि आमच्याबरोबर म्हण. त्याला आमचा आवाज उशिरा पोचतो पण सगळा सारखाच उशिरा, त्यामुळे त्याच्या खोलीत ताल बरोबर जमतो, फक्त त्याचा आवाज आमच्याकडे यायला नको. शेवटची आरती त्याने पूर्ण म्हटली, आमच्या काकीने स्क्रीनवर त्याचे ओठ हलताना बघितले आणि डोळे पुसले.

तर तुम्ही आधी एवढं करा. लॅपटॉप वायरने राउटरला जोडून भावाला कॉल लावा. चांगला चालला तर दोष वायफायचा, भिंतींचं बघा. वायरवरही फाटला तर घरातले सगळे फोन वायफायवरून काढून कॉल परत लावा, तेव्हा सुधारला तर अपलोडची रांग. तरीही फाटला तर पिंग (पॅकेट जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजणारी कमांड) चालू ठेवून पाच मिनिटांचे आकडे टिपा, एकदा सकाळी आणि एकदा रात्री नऊच्या सुमाराला, आणि ते घेऊन तुमच्या लाइनवाल्याकडे जा. रात्रीच आकडे वाढत असतील तर गर्दी त्याच्या बाजूला आहे, आणि तुमच्या हातात आकडे असले की त्याला नुसतं राउटर बंद करून चालू करा म्हणून बोळवण करता येत नाही. आणि पावसाळ्याआधी फायबरच्या डब्याला आणि राउटरला १२ व्होल्टचा छोटा बॅटरी बॅकअप घ्या, वाटेतल्या स्प्लिटरला (एका फायबरच्या अनेक वाटा करणाऱ्या डब्याला) वीज लागतच नाही, त्यामुळे वाड्यावरची लाइट गेली तरी लाइनवाल्याच्या टोकाला वीज असेल आणि माड पडून केबल तुटली नसेल तर कॉल चालू राहतो. भाऊ अंधारातही दिसेल, मेणबत्ती लावा फक्त.

आकडे आले की खाली कमेंटमध्ये टाका, मी बघून सांगतो.