सरासरी परताव्यावर विसंबण्यापूर्वी
आपण गुंतवणुकीच्या प्रश्नांना संख्याशास्त्र लावू पाहत आहात, तर सूत्रे पाठ करण्याआधी सरासरीचा अर्थ नीट समजून घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. एका वर्षी ५० टक्के वाढ आणि पुढच्या वर्षी ५० टक्के घट झाली, तर अंकगणिती सरासरी शून्य येते. प्रत्यक्षात मात्र १०० चे १५० होऊन शेवटी ७५ उरतात, म्हणून अनेक वर्षांच्या परताव्यासाठी भूमितीय मध्यच (दरवर्षीच्या वाढ-घटीच्या गुणकांचा गुणाकार करून काढलेली सरासरी) वापरावा. प्रसामान्य वितरणही (बहुतेक आकडे सरासरीजवळ आणि टोकाचे अगदी विरळ, अशी घंटेच्या आकाराची मांडणी) डोळे झाकून गृहीत धरू नये: १९ ऑक्टोबर १९८७ रोजी अमेरिकी शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक एकाच दिवसात २२.६ टक्के कोसळला, आणि त्या वितरणानुसार अशी घसरण जवळजवळ अशक्यच होती. प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती विखुरले आहेत याचे माप) जरूर काढावे, पण त्याआधी आकडेवारीचा आलेख स्वतः काढून त्याची दोन्ही टोके निरखावीत.